पोच, बाकी आणि एक न दिलेले पत्र

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. द्वितीय वर्ष कलाच्या वर्गात ग्रामीण कादंबरीतील शोषकांची चर्चा चालू होती. सावकार झाला, पाटील झाला, अडत्या झाला, आणि तास संपायला पाच मिनिटे उरली असताना आमच्या तोंडून एक वाक्य गेले : "दलाल म्हणजे स्वतः काही न पिकवता, काही न वाहता मधल्यामध्ये खाणारा माणूस." (हे 'आम्ही' संपादकीय नव्हे. मराठी विभागात आम्ही दोघे आहोत. तास वाटून घेतो आणि लेखही मिळून लिहितो. वाक्य दोघांपैकी कोणाचे, हे सांगत नाही. कारण दुसऱ्यानेही तेच उच्चारले असते.)

वर्ग असली वाक्ये वहीत उतरवून घेतो आणि विसरतो. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी हजेरीपुरताच बोलणारा. म्हणाला, "सर, माझे वडील ट्रकवर आहेत. गाडी स्वतःची, हप्त्याची. लॉकडाऊनमध्ये माझ्या शाळेसाठी मोबाइल त्यांच्या ब्रोकरनं घेऊन दिला. आणि वडलांचे अठरा हजार पण त्याच ब्रोकरकडं अडकलेत. यातला दलाल कुठला?"

घंटा झाली. आम्हांला उत्तर आले नाही.

या प्रश्नाने अस्वस्थ होण्याचे आमचे एक खासगी कारणही होते. आम्हा दोघांपैकी एकाचे वडील शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही पेठ गुळावर वाढली. गुळाचा रवा शेतकऱ्याचा, खरेदी व्यापाऱ्याची आणि मधली गादी अडत्याची. त्या गादीखालच्या पगारातून आमची फी भरली गेली, पुस्तके आली, एम.ए. झाले. एम.ए. झाल्यावर आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही, की मधली गादी हा शोषणाचा पत्ता आहे. ते खोटे होते असे नाही. परंतु ज्या घरात ती गादी होती त्या घराविषयी आम्ही कधी एक ओळ लिहिली नाही, हेही खरे.

असो. त्या मुलाला आम्ही ट्युटोरियलसाठी हाच विषय दिला आणि त्याच्याबरोबर त्याच्या वडिलांच्या जगात चार-सहा फेऱ्या मारल्या.

पुणे–बंगळूर महामार्गावरून कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलचा चौक लागतो, अलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत, पुढे गोकुळ शिरगाव आणि कागल. ओतकामाचे सुटे भाग, साखर, गूळ, गांधीनगरचे कापड, इचलकरंजीचे सूत : या जिल्ह्यातून जे बाहेर जाते ते बहुतेक ट्रकमधून जाते. माल ज्याचा, त्याला 'पार्टी' म्हणतात. पार्टीजवळ गाडी नसते, गाडीवाल्याजवळ माल नसतो. आणि एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा नसतो. तो ज्याला असतो तो ब्रोकर. जुन्या मराठीत मालाची ने-आण ठोक रकमेवर अंगावर घेणाऱ्याला हुंडेकरी म्हणत. शब्द आज आडनावात आणि काही संघटनांच्या पाट्यांवर उरला आहे. हुंडेकऱ्याला प्रतिष्ठा होती. ब्रोकरला ती नाही. 'दलाल' हा तर आपल्या भाषेत शिवीच्या उंबऱ्यावर उभा असलेला शब्द.

व्यवहार असा चालतो. शिरोलीत माल तयार आहे, चेन्नईला जायचा आहे, असा फोन ब्रोकरला येतो. तो गाडी शोधतो, भाडे ठरवतो. ठरलेल्या भाड्यातला मोठा हिस्सा गाडी भरतेवेळी 'अॅडव्हान्स' म्हणून मिळतो. त्यात डिझेल, टोल, वाटखर्च. राहिलेली रक्कम म्हणजे 'बाकी'. माल उतरल्यावर घेणाऱ्याचा सही-शिक्का बिल्टीवर पडतो. त्या कागदाला 'पोच' म्हणतात. पोच परत आली की बाकी द्यायची. मालात तूट निघाली, माल भिजला, गाडी उशिरा पोचली, तर कापायची ती याच बाकीतून. पार्टीने ब्रोकरला सांगितलेले भाडे आणि ब्रोकरने गाडीवाल्याला सांगितलेले भाडे यांत अंतर असते. किती, हे एकालाच माहीत असते. तेच त्याचे पोट.

त्या मुलाचे वडील ज्यांच्याकडून भाडी घेतात त्या ब्रोकरांचे ऑफिस म्हणजे महामार्गालगतचा दहा बाय बाराचा गाळा. दोन टेबले, चार मोबाइल, एक लांबुडकी वही, भिंतीवर टायरच्या कंपनीचे कॅलेंडर आणि एक लाकडी बाकडे. पूर्वी गाडीवाले भाड्याची वाट पाहत या बाकड्यावर दोन-दोन दिवस बसत. आता व्हॉट्सअॅपच्या गटावर माल पडतो आणि बाकडे मोकळे असते. फोनवर ब्रोकर विचारत होते, "बेचाळीस-अकरा कुठं आली?" बेचाळीस-अकरा म्हणजे गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि तोच ड्रायव्हरचा पत्ता. आम्ही विचारले, नावाने का हाक मारत नाही? ते हसले. "नावाची माणसं दहा असत्यात सर. नंबर एकच."

त्यांचीही एक बाजू आहे आणि ती त्यांनी न चिडता मांडली. "पार्टी पैसे देणार दीड-दोन महिन्यांनी. गाडीवाल्याला डिझेल आज पायजे. मधले दिवस कोण उचलतंय? ड्रायव्हरनं माल घालवला तर पार्टी कुणाच्या दारात येती? माझ्या. तुम्ही दलाली बघता. मधले दिवस कुणी बघत न्हाई."

'मधले दिवस' हा शब्दप्रयोग आमच्या मनात घर करून राहिला. मधला माणूस मधले दिवसही वाहतो, हे आमच्या व्याख्येत कुठे नव्हते.

परंतु हे दिवस सर्वांवर सारखे पडत नाहीत, हेही त्या वहीतच दिसत होते. १६ जून २०१७ पासून डिझेलचा दर रोज बदलू लागला. सोमवारी ठरलेले भाडे मात्र आठवडाभर तेच राहते. चढलेला दर गाडीवाल्याच्या अंगावर. भरण्या-उतरण्याची हमाली, जिला इकडे 'वराई' म्हणतात, तीही गाडीवाल्याच्या खिशातून जाते. कोल्हापूरच्या लॉरीमालकांनी 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही घोषणा दिली ती यातूनच. चार शब्दांत एवढा नेमका युक्तिवाद आम्ही समीक्षेत क्वचित वाचला आहे.

आता ते अठरा हजार. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी तिच्या दहा फुटांहून अधिक वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या. गावोगावचे लोक ड्रायव्हरांना भाकरी-भाजी आणून देत होते, हे कोल्हापूरकरांना आठवत असेल. बंगळूरकडून पुण्याकडे पुठ्ठ्याचा माल घेऊन निघालेली बेचाळीस-अकरा उचगावच्या अलीकडे सहा दिवस उभी राहिली. घर तिथून तीन मैलांवर. पण माल टाकून जाता येत नाही, म्हणून ते केबिनमध्येच झोपले. आठवीतला हा मुलगा सायकलवरून डबा नेत असे. ताडपत्री जुनी होती. वरचे काही गठ्ठे भिजले. पार्टीने नुकसान कापले, ब्रोकरांनी ते बाकीतून वळते केले. सहा दिवसांच्या खोळंब्याचे पैसे कोणीच दिले नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. गाडी दारात उभी. तेव्हा फोन केला तो ब्रोकरांनीच. दोन महिन्यांचे रेशन भरले आणि जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तसा मुलासाठी मोबाइल घेऊन दिला. त्याचा उल्लेख वहीत नाही. अठरा हजारांचाही नाही.

कायदा या नात्याकडे पाहतच नाही असे नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९३ प्रमाणे मालवाहतुकीच्या दलालाला परवाना लागतो. १८६५ च्या कायद्याच्या जागी २००७ चा मालवाहतुकीचा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यात वाहतूकदाराची नोंदणी, मालाचा कागद, नुकसानीची जबाबदारी सगळे आहे. २०१७ साली जीएसटी आला, जकातीचे आणि विक्रीकराचे नाके गेले. २०१८ पासून ई-वे बिल, २०२१ पासून सक्तीचा फास्टॅग. गाडी कोणत्या क्षणी कोणत्या टोलवर होती ते आज कोणीही सांगेल. एवढे सगळे लिखित झाले, बाकी मात्र तोंडीच राहिली.

इथे आम्हांला त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) आठवतो. बलुतेदार काम आधी करतो, वाटा सुगीला घेतो. किती, हे ठरलेले असते आणि नसतेही. आत्र्यांनी त्या व्यवस्थेचे गोडवे गायले नाहीत. ती जगवते आणि जखडतेही, हे त्यांना दिसत होते. आम्ही वर्गात 'बलुतेदारी संपली' असे शिकवतो. महामार्गालगतच्या त्या गाळ्यात आम्हांला वाटले, की तिने फक्त गाव सोडले. फरक एवढाच, की बलुतेदाराला बलुते जन्माने चिकटे. हा गाडीवाला उद्या दुसऱ्या ब्रोकरकडे जाऊ शकतो. जाऊ शकतो, पण जात नाही. कारण बाकी इकडे आहे.

ट्युटोरियल लिहून झाले, तेव्हा मुलगा एक विनंती घेऊन आला. "सर, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. वडलांसाठी ब्रोकरना एक पत्र लिहून द्या. अठरा हजारांचं." आम्ही उत्साहाने बसलो. तारखा घातल्या, बिल्टीचा क्रमांक घातला, पूर हे गाडीवाल्याच्या हातचे नव्हते हे मांडले, नम्रता राखली, मागणी स्पष्ट ठेवली. पत्र उत्तम झाले होते; हे आम्ही आजही म्हणतो.

वडिलांनी ते दोनदा वाचले. घडी घालून आमच्याकडे परत दिले. म्हणाले, "लई चांगलं लिव्हलंय सर. पण हे दिलं म्हंजे संबंध संपला. कागद गेला की माणूस तुटतोय."

आम्ही म्हणालो, पण पैसे तुमचे आहेत.

"माझेच हायेत. म्हणून तर मागायची घाई न्हाई. ते तिथं हायेत तवर तो मला भाडं देणार."

आम्ही ज्याला अडकलेले पैसे समजत होतो त्याला ते गुंतवलेले पैसे समजत होते. यात शहाणपण किती आणि लाचारी किती, याची फोड आम्हांला करता आली नाही, आणि त्यांच्यासमोर बसून करण्याचा अधिकारही वाटला नाही. ते पत्र पाठवले असते तर अठरा हजार कदाचित मिळाले असते. पुढचे भाडे कोणी दिले असते, याचे उत्तर आमच्या उत्तम मराठीजवळ नव्हते.

या वर्षी ब्रोकरांनी गाडीला एक नवा टायर घेऊन दिला. किंमत दोघांपैकी कोणीच काढली नाही. त्याच महिन्यातले एक भाडे नेहमीपेक्षा दोन हजारांनी कमी लागले. तेही कोणी काढले नाही. "फिटलं का?" असे आम्ही विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "फिटलं असं म्हणत न्हाईत सर. चालू हाय म्हणत्यात."

मुलगा आता तृतीय वर्षाला आहे. परवा द्वितीय वर्षाच्या वर्गात पुन्हा तीच कादंबरी, तोच अडत्या आला. ते जुने वाक्य ओठांवर आले होते. आम्ही ते गिळले आणि विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या घरातला माणूस मधे बसतो?" बराच वेळ कोणी हात वर केला नाही. मग आम्हा दोघांपैकी एकाने स्वतःचा हात वर केला.

पत्र विभागाच्या कपाटात आहे. त्यावर पोच नाही.