धारूरच्या घाटातलं सीताफळ

बीडकराला ऊन वर्षातून दोनदा सोसावं लागतं. एकदा चैत्र-वैशाखात आणि दुसऱ्यांदा पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात. हे दुसरं ऊन जास्त टोचतं. पण आमचे खाण्यापिण्याचे खरे दिवसही तेच. बाहेरचे पाहुणे हुरड्याच्या निमित्ताने थंडीत येतात. येऊ देत बापडे. मला विचाराल तर हंगाम गणपती उठले की सुरू होतो आणि फराळाचे डबे भरायच्या आत संपतो.

आधी येतं निंबूर. आष्टी-पाटोद्याकडे बाजरीचे दाणे कडक व्हायच्या आत कणसं गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात, गरम असतानाच तळहातावर चोळतात आणि फुंकर मारून कूस उडवतात. सोबत गूळ नाहीतर शेंगदाण्याची चटणी. ज्वारीच्या हुरड्याला मिळाला तसा मान निंबुराला कधी मिळाला नाही, त्याच्या पार्ट्या होत नाहीत. म्हणूनच कदाचित ते अजून शेतात, शेतवाल्याच्या शेजारी बसून खायला मिळतं. उठताना बांधावरचं वाळूक तोडायचं आणि तिखट-मीठ लावून चालता चालता संपवायचं.

घट बसले की मात्र घरात एकच विषय असतो, धारूर. घटाला कारळाच्या फुलांची माळ चढली की आई विचारते, “डोंगरातली आली असतील ना रे?” कसली, ते सांगावं लागत नाही. आम्ही बीडहून वडवणी, तेलगाव करत धारूरचा घाट चढतो. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली असते, मळणी यंत्राचा धुरळा रस्त्यावर येतो, काचा वर कराव्यात तर उकडतं. घाट लागला की डोंगर अजून हिरवा असतो आणि त्या हिरव्यात निम्मी झाडं सीताफळाची.

ती कुणी लावलेली नाहीत. बालाघाटच्या या मुरमाड उतारांवर शेळ्यांनी बाकी काही शिल्लक ठेवलं नाही; सीताफळाच्या पाल्याला मात्र शेळी तोंड लावत नाही. उन्हाळ्यात झाड पानं टाकून गप्प बसतं आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, असं मी एकदा आईला सांगून पाहिलं. “मग सीतामाईनं वनवासात काय खाल्लं?” म्हणाली. विषय मिटला.

घाटाच्या वळणावर बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. गेल्या खेपेला एका मावशींच्या पाटीत मी हात घातला तशा त्या म्हणाल्या, “दाबू नगा दादा, डोळे बघा.” खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळट-पांढऱ्या झाल्या की फळाने डोळे उघडले म्हणतात. असं फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं. डोळे मिटलेलं तोडलं तर ते दगडासारखं राहतं आणि तसंच काळं पडतं. मावशींनी न दाबता, नुसत्या नजरेने तीन वाटे केले: “ह्ये आज खा, ह्ये उद्या, आन ह्ये परवा.” त्यातला एकही वाटा चुकला नाही.

आजचा वाटा घरी पोहोचलाच नाही. गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरून उभ्या उभ्या संपवला. फळ लहान, बिया भरपूर, पण सालीला चिकटलेला जो रवाळ थर असतो तो बोटाने खरवडून खाण्यासाठीच मी एवढ्या लांब येतो. भाचा बियांशी खेळायला लागला तसा आईने त्याला दटावलं. उवांवर चालणारी ही बी कुटून डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

मावशी पहाटे अंधारात डोंगर चढतात आणि ऊन तापायच्या आत पाटी रस्त्यावर आणतात. अजून किती दिवस बसणार, म्हणून विचारलं.

“दसरा झाला की टोळी निघतीय. उचल कवाच घेतलीया.”

आणि झाडावरची राहिलेली फळं?

“वानरं खात्यात की.”

ऊसतोडीला त्या आणि मालक मिळून एक कोयता. पोरं आजीपाशी राहणार. दिवाळी फडावरच्या कोपीत.

बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने इथल्याच झाडांमधून धारूर-६ हा वाण निवडून काढला. आता बागा बहुतेक बार्शीकडच्या गोल्डनच्या होतात. ते फळ मोठं, गर जास्त, बिया कमी, चार दिवस टिकतं. शेतकऱ्याने तेच लावावं, त्याला हिशेब पाहावा लागतो. मला ते खाताना साखर घातल्यासारखं वाटतं, एवढंच.

परतताना आम्ही केज, नेकनूर, मांजरसुंब्यावरून येतो. मांजरसुंब्याला चहा ठरलेला. परवाच्या वाट्याची रबडी होते. दूध आटवून पूर्ण गार करायचं आणि मगच गर मिसळायचा. गर चुलीवर चढला की कडवट होतो. आमच्याकडे नवी सून आली की तिला आधी हेच सांगतात.

पुण्याची भाची दरवर्षी फोनवर विचारते, “मामा, कुरिअर नाही का करता येणार?” गोल्डन असतं तर केलंही असतं. घाटातलं फळ पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होईल. तिला मी घटस्थापनेच्या आठवड्यात रजा टाकायला सांगतो. ती दिवाळीची सुट्टी धरून बसते, आणि तोवर मावशी कारखान्यावर गेलेल्या असतात.