अधोलीचा अधिकार

अंबाजोगाई, जि. बीड

चि. सौ. ताईस,



तुझे सविस्तर पत्र पावले. गेवराईकडचे माळवदाचे घर सोडून तुम्ही सर्व मंडळी बीडास स्वतःच्या नव्या वास्तूत राहावयास आलात, वास्तुशांत यथासांग पार पडली, मुलांचे शाळाप्रवेश उरकले आणि सामानाची शेवटची खेपही सुखरूप पोहोचली, हे वाचून परम संतोष वाटला. खोल्यांची जी वाटणी तू कळविली आहेस, तीवरून कोणावर अन्याय होऊ नये म्हणून तुम्ही जावांनी किती दक्षता घेतली ते ध्यानात येते. तरीही सासूबाई दिवसदिवस कोणाशी बोलत नाहीत, मामंजी दुपारपासून फाटकाशी उभे असतात आणि स्नानाच्या पाळीवरून रोज सकाळी कुरबुर होते. तेव्हा खोल्यांची फेरवाटणी करावी की काय, असे तू विचारतेस.

माझ्या मते फेरवाटणीचे प्रयोजन नाही. सामानाला जागा मिळावयास आठवडा पुरतो; माणसांना मात्र वर्षही अपुरे पडते, आणि त्याचे कारण जागेची टंचाई हे क्वचितच असते. सतरा माणसांचे कुटुंब खोल्यांच्या वाटपाने स्थिरावत नाही, कामांच्या वाटपाने स्थिरावते, हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आपल्या घरी घडलेले लिहीत आहे.

सिंदफणेवरील माजलगावचे धरण १९८७ साली पुरे झाले आणि त्यात आमचे गाव बुडाले तेव्हा तू लहान होतीस, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जायकवाडी प्रकल्पाचा तो दुसरा टप्पा. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटर वाहत येऊन याच जलाशयास मिळतो, आणि आज बीड शहराला जे नळाचे पाणी मिळते त्यातही या जलाशयाचा वाटा आहे. तुमच्या टाकीत पडणारे पाणी आमच्या जुन्या गावठाणावरून येते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये नोटिसा लागल्या, मोजणीदार आले, पंचनामे झाले. घर किती खणांचे, तुळया सागाच्या की बाभळीच्या, विहीर बांधीव की कच्ची, परसातला आंबा फळावर आहे की नाही, या सर्वांची नोंद पंचांच्या सह्यांनिशी झाली. आणि कुटुंबातील माणसेही मोजली गेली, कारण नव्या गावठाणातील भूखंडाचे क्षेत्र त्या संख्येवर मुक्रर व्हावयाचे होते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली स्वतंत्र कायदा केला, त्याजागी पुढे १९८६ चा व १९९९ चा असे नवे कायदे आणले आणि नव्या गावठाणाला पाणी, शाळा, रस्ते, गटारे, स्मशानभूमी धरून अठरा नागरी सुविधा देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले, ही गोष्ट या राज्याला भूषणावह आहे. परंतु कोणत्या घरात कोणाचा शब्द कशावर चालतो, ही मिळकत कोणत्याही तक्त्यात बसणारी नव्हती. तिची किंमत कोणी केली नाही, तिचा मोबदला कोणी मागितला नाही, आणि गाव उठले तेव्हा सर्वांआधी तीच बुडाली.

तुझ्या आजीचेच पाहा. जुन्या घरातील बळदाची, म्हणजे धान्याच्या कोठाराची, ती एकटी मालकीण होती. जोत्यावर बसून ती अधोलीने ज्वारी मापून देई. त्या मापाखेरीज घरात भाकरी होत नसे. नव्या गावठाणात जुन्या तुळया व खांब नेऊन आम्ही जे घर उभे केले त्यावर पत्रे आले, आणि पत्र्याच्या घरात बळद कोठून असणार? ज्वारीची पोती भिंतीशी रचली गेली, ज्याला जेवढी लागेल तेवढी त्याने घ्यावी असे ठरले, आणि आजीला, तिचा मान म्हणून, घरातील एकमेव सिमेंटची खोली व विजेचा पंखा देण्यात आला. त्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि कोणी विचारपूस केली तर पंखा बंद करा, एवढेच म्हणे. वैद्य झाले, डॉक्टर झाले. गुण आला तो थोरल्या वहिनींच्या एका निर्णयाने. पोत्यांना उंदीर लागले आणि हिशेबही लागेना, तेव्हा त्यांनी पत्र्याची कोठी करवून घेतली, ती आजीच्या खोलीत ठेवली आणि किल्ली व जुनी अधोली तिच्या हाती दिली. दुसऱ्या दिवसापासून दळण करणारी सून टोपले घेऊन तिच्यापुढे बसू लागली. आजी अधोली भरी, तळहाताने तिचा माथा सपाट करी, सांडलेले चार दाणे वेचून कोठीत टाकी, आज कोण पाहुणा येणार, कोण शेतावर जेवणार, कोणाच्या पोटात दुखते याची चौकशी करी आणि त्याप्रमाणे मूठभर ज्वारी वर घाली किंवा न घाली. या चौकशीपायी घरातील प्रत्येक वार्ता तिच्याकडे जाऊ लागली, तिच्या खोलीत माणसांची ये-जा सुरू झाली, आणि पंखा कधी चालू आहे व कधी बंद आहे हे तिच्या गावीही राहिले नाही.

तुमच्या घरी हेच घडले आहे. सासूबाईंना तुम्ही उजेडाची, वाऱ्याची, देवघरालगतची उत्तम खोली दिलीत. आणि काम करण्याचे तुमचे आता वय नाही, असे प्रेमाने सांगून त्यांचा सारा अधिकार काढून घेतलात. विश्रांती ही काम करणाऱ्याला मिळावयाची वस्तू आहे. ज्याला कामच उरले नाही त्याला ती शिक्षेसारखी वाटते.

येथे तू म्हणशील की, किल्ल्यांच्या या राज्यात पूर्वीच्या सुनांचे जे हाल झाले ते मामाला दिसले नाहीत काय? दिसले, आणि मागून जेवणाऱ्या, साखरेच्या चिमटीसाठी सासूपुढे उभ्या राहणाऱ्या त्या सुनांमध्ये तुझी आजीही एके काळी होती. म्हणून अधिकार द्यावा तो मर्यादित असावा, पण खरा असावा. कोठाराची किल्ली सासूबाईंकडे असावी. बाजारहाटाचा पैसा व त्याचा हिशेब तुम्हां जावांकडे असावा. आणि कोणत्याही सुनेला आपल्या खोलीचे दार लावून बसण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. मामंजींना फाटकाशी उभे राहावयाचेच असेल तर त्यांना पाण्याची मुखत्यारी द्या. बीडात नळ रोज येत नाही. तो कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुटतो, प्रथम कोणती टाकी भरावयाची, मोटार केव्हा बंद करावयाची आणि टँकर मागवावयाचा की नाही, हे सर्व त्यांच्या हुकुमाने चालू द्या. एखाद्या दिवशी टाकी वाहून गेली तर दुसऱ्या दिवशी ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. काम सोपवून वर देखरेख ठेवली, तर म्हाताऱ्या माणसाला ते तत्काळ कळते. स्नानाची पाळी वयावर किंवा मानावर न ठेवता घराबाहेर पडण्याच्या वेळेवर ठेवा: आधी शाळेची मुले, मग नोकरीची माणसे, मग उरलेली. सकाळचा चहा ज्याने त्याने आपल्या मजल्यावर घ्यावा. रात्रीची पंगत मात्र एकच असावी.

बिऱ्हाड मांडण्याची विद्या शिकावयाची तर आपल्या जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांकडून शिकावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि कारखान्याच्या तळावर उतरल्याबरोबर राहण्याची कोपी उभी राहते. कारण खड्डे कोणी खणावयाचे, पाणी कोणी शोधावयाचे आणि चुलीची जागा कोणी ठरवावयाची, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यांच्या हालअपेष्टांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पहाटेच्या काळोखात फडात उतरणारी बाई घरी परतल्यावर पुन्हा चुलीपुढेच बसते, यात कौतुकासारखे काही नाही. परंतु मागे गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहा. नातवंडांची शाळा, शेरडे-करडे, दूध, किराणा, घराचे कुलूप, सारा कारभार हंगामभर त्यांच्या हाती असतो. माणसे वयाने थकलेली असतात, पण आपण अडगळ आहोत असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात येण्यास सवडच नसते.

आणखी एक गोष्ट. तुम्ही जुन्या घरातून एक लोखंडी पेटी आणली आहे आणि तीतील कागद रद्दीत द्यावेत असा मुलांचा आग्रह आहे, असे तुझ्या पत्रात ओझरते आले आहे. तसे मुळीच करू नका. आपल्याकडे निजामी अमदानीतील दप्तर उर्दूत असे, काही मोडीत असे. १९५४ च्या सुमाराच्या खासरापत्रकाचा उतारा आजही वहिवाटीच्या दाव्यात पुढे करावा लागतो, आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा लोकांनी माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या, हे सर्वांनी पाहिले आहे. मामंजींना उर्दू वाचता येते. थोरल्या नातवाला त्यांच्यापुढे बसवा, कागदामागून कागद वाचून घ्या, प्रत्येकाचा गोषवारा मराठीत लिहून ठेवा आणि फोटो काढून घ्या. हे काम पाण्याइतकेच निकडीचे आहे, कारण ते करू शकणारे तुमच्या घरी एकच माणूस आहे.

तेव्हा खोल्या आहेत तशा राहू देत. येत्या सोमवारी कोठाराची किल्ली सर्वांदेखत सासूबाईंच्या हाती दे, आणि आज किती माणसे जेवावयास आहेत, हे त्यांना विचारू दे.

कळावे. मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा