आजी सहाव्या डेकवर, नातू पंधराव्या

क्रूझची चौकशी करायला आलेल्या मराठी घरातले पहिले दोन प्रश्न मला पाठ आहेत. 'बोट लागेल का हो?' आणि 'शाकाहारी नीट मिळेल ना?' तिसरा पैशांचा, तो जरा आवाज खाली आणून. ठाण्यातल्या माझ्या ऑफिसात टेबलापलीकडे बहुधा नवरा-बायको दोघंच बसलेले असतात, पण सहल ठरत असते आठ-दहा जणांची. दोन्हीकडचे आई-वडील, नणंदेचं कुटुंब, दहावी झालेला मुलगा आणि नुकतं चालायला लागलेलं एक बाळ. या सगळ्यांनी दिवसातला किती वेळ एकमेकांबरोबर काढायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं नियोजन तिथूनच सुरू होतं.

आपल्याला सवय बसच्या सहलीची. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. त्या वेळापत्रकात सगळं घर सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी चालतं. आजीला आपल्या गुडघ्यांचा संकोच वाटतो, नातू बसमध्ये फोनमध्ये डोकं घालून बसतो, आणि मधली पिढी दोघांची समजूत काढत फिरते. जहाजावर खोली, जेवण आणि करमणूक तुमच्यासकट पुढच्या गावाला जाते, त्यामुळे कोणी कोणासाठी ताटकळायचं कारण उरत नाही. तीन पिढ्यांच्या घराला क्रूझ मानवते ती यासाठी. तरीही आपली माणसं तिथे घोळक्यानं हिंडतात. एका लिफ्टमध्ये सगळे मावत नाहीत म्हणून तीन लिफ्ट सोडून देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

म्हणून मी जहाजाचे फोटो दाखवण्याआधी डेकचा नकाशा टेबलावर पसरते. बुकिंगच्या वेळी 'बाल्कनी की आतली केबिन' यावर तासभर चर्चा होते, आणि केबिन नेमकी कुठे आहे यावर एक मिनिटही नाही. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर. खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा निवडावी. आजी-आजोबांची खोली लिफ्टजवळ, खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्याकडे. नातवंडांचा मुक्काम तसाही वरच्या डेकवर, घसरगुंड्या आणि तलावांपाशी असतो.

चौघांनी एका केबिनमध्ये राहणं जाहिरातीत स्वस्त दिसतं, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं. पण भिंतीतून खाली येणारे पलंग, एकच बाथरूम आणि चार बॅगा असं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यापेक्षा आई-बाबांना बाल्कनीची खोली आणि मोठ्या मुलांना त्याच मार्गिकेत समोरची बिनखिडकीची, हा हिशेब पुष्कळदा फारसा महाग पडत नाही. आणि एकट्या आजी? क्रूझचं भाडं केबिनमध्ये दोन माणसं धरून लावलेलं असतं, त्यामुळे एकटीला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. मी आजीच्या खोलीत एखादी नात घालते. नातीचं भाडं जणू फुकटच पडतं, आणि रात्री दोघींच्या ज्या गप्पा होतात त्या घरी कधी झालेल्या नसतात.

आता 'बोट लागणं'. हा शब्द आपल्याकडे आला कोकणच्या आगबोटींमधून. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीला जायची, आणि बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला न लागता समुद्रात उभी राहायची. मग उतारू सामानसुमानासकट पडावात उतरायचे. ज्या आजोबांनी तो प्रवास डेकवर वळकटी टाकून केला आहे, त्यांच्या पोटात क्रूझच्या नावानंच ढवळायला लागतं. त्यांना मी आकडे सांगते. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं समुद्रात उतरलं. त्याचं ग्रॉस टनेज ४८,५०० च्या वर आहे. हे माप वजनाचं नसून जहाजाच्या आतल्या जागेचं असतं, आणि त्या मापानं ते टायटॅनिकपेक्षाही थोडं मोठं भरतं. (ही शेवटची तुलना मी आजींसमोर करत नाही.) २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' तर जवळजवळ अडीच लाखांचं आहे, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून अधिक.

मोठ्या जहाजांच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखांसारखी स्टॅबिलायझर असतात. जहाजाचं डावं-उजवं डोलणं ती बरंच कमी करतात. पुढचा भाग वर आणि मागचा खाली असं होणारं हेलकावणं मात्र त्यांच्या आवाक्यातलं नाही. ते जहाजाच्या दोन टोकांना जास्त आणि मध्यावर कमी जाणवतं, म्हणून आजींची केबिन मधली. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. बरोबर आलेपाक असू द्यावा. जीव घाबरा झाला की केबिनमध्ये आडवं होण्याऐवजी उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावं.

पण याहून मोठा उपाय म्हणजे मोसम. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या. अरबी समुद्र आजही तोच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-गोवा आणि लक्षद्वीपकडचं पाणी बहुधा निवळलेलं असतं, आणि युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असल्यानं भूमध्य समुद्रातलं भाडंही उतरलेलं असतं. कॅरिबियनमध्ये मात्र चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. अलास्काचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे हिमनद्या पाहायच्या तर त्या मे महिन्याच्या सुट्टीत. दिवाळीत अलास्का मागणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते.

अलास्कावरून व्हिसा आठवला. सिअॅटलहून निघणारी बहुतेक मोठी जहाजं वाटेत काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि तेही पुष्कळदा संध्याकाळी. लोकांना वाटतं, काय हौस आहे! त्यामागे आहे १८८६ सालचा अमेरिकी कायदा. परदेशी झेंड्याखालच्या जहाजानं अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन फक्त अमेरिकी बंदरं फिरवून आणायची नाहीत, मधे परदेशी बंदर हवंच. क्रूझची बहुतेक मोठी जहाजं बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात, म्हणून हा थांबा. त्या जुन्या कायद्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या घराला अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही तयारी करावी लागते. युरोपातही तसंच. जहाज इटलीहून निघून मॉन्टेनेग्रो किंवा तुर्कस्तानला जाऊन परत येणार असेल, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तर जहाजावर चढतानाच अडवतात.

बंदरांची यादी वाचताना आपल्या माणसांचे डोळे चमकतात. सात रात्रींत रोम, फ्लोरेन्स, बार्सिलोना! जहाज रोमला जात नाही. ते लागतं चिविटावेकियाला, तिथून रोम सत्तरएक किलोमीटर. फ्लोरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचं, तेही असंच दूर. व्हेनिसमध्ये तर २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला मनाई आहे. जाणं-येणं वजा जाता रोमसाठी हातात चार-पाच तास उरतात, आणि त्यात कलोसियम, व्हॅटिकन आणि आजीचे गुडघे. माझा सल्ला असा की रोम पाहायचंच असेल तर तीन दिवस आधी विमानानं जा, सावकाश पाहा आणि मग जहाजावर चढा. तसंही ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशी विमानानं पोचणं मी कोणाला करू देत नाही. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. बंदरावरच्या सहलीचंही तेच. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते वाट पाहतं, तुम्ही स्वतः केलेली टॅक्सी अडकली तर तुम्ही धक्क्यावर आणि सामान समुद्रात.

काही ठिकाणी जहाज आजही धक्क्याला लागत नाही, पडावाच्या जागी टेंडर नावाची लाँच येते. लक्षद्वीपला असंच उतरावं लागतं. लाटेवर वरखाली होणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकायचा असतो, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे बहुधा उतरवत नाहीत. घरात असं कोणी असेल तर मी अशी बंदरं आधीच वजा करते. पण ज्यांना उतरायचं नाही त्यांनी हळहळू नये. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं होतं. गर्दी नाही, तलावाकाठी हवी ती खुर्ची, निवांत चहा. माझे कितीतरी ज्येष्ठ प्रवासी परतल्यावर सांगतात ते याच दुपारचं कौतुक.

भीतीबद्दलही बोलायला हवं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या घरांत ती आठवण अजून आहे, आणि तिथल्या एखाद्या आजींनी क्रूझला नकार दिला तर मी हसत नाही. त्यांना मी सुरक्षा-कवायत समजावून सांगते. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. बत्तीस जण मेले. त्या संध्याकाळी चिविटावेकियाला चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. जमायची जागा सगळ्यांनी एकदा पायी जाऊन पाहावी. लाइफ जॅकेट बाळाच्या मापाचं आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी बघून घ्यावं. बाळाचा विषय निघालाच आहे तर, बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नाहीत, आणि चोविसावा आठवडा लागलेल्या गर्भवतीलाही.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद बुकिंगच्या वेळी करायची, टेबलावर बसल्यावर नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय जेवण सहज मिळतं, अलास्कात रोजच्या रोज वेगळं मागावं लागतं. जिथे जेवणाच्या दोन पंगती असतात तिथे मी उशिराची घ्यायला लावते आणि एक अट घालते. दिवसभर कोणीही कुठेही असो, रात्री सगळ्यांनी एका टेबलावर यायचं. वेटर रोज तोच असतो. तिसऱ्या रात्री तो न सांगता आजींसाठी हिरव्या मिरच्या आणतो. बरेचदा तो गोव्याचा निघतो. गोव्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरच्या नोकरीवर चालली आहेत, आणि बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशांच्या मुक्कामासाठी मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे कूड उभे राहिले. ही माणसं अनेक महिन्यांच्या करारावर, आठवड्याची सुट्टी न घेता काम करतात. दर माणशी दर दिवसाची ग्रॅच्युइटी बिलात लागते तेव्हा ती काढून टाकायला काउंटरवर जाणाऱ्यांशी माझं जमत नाही. जाहिरातीतल्या भाड्यात ती आणि बंदराचे कर धरलेले नसतील तर मी पहिल्याच दिवशी कागदावर मिळवून दाखवते. इंटरनेट, शीतपेयं आणि किनाऱ्यावरच्या सहली त्याखाली. फोन मात्र जहाज सुटताना फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कवरचे दोन कॉल गोव्याच्या जेवणापेक्षा महाग पडतात.

यंदा दिवाळीत निघणाऱ्यांसाठी थोडं आणखी. निरांजन आणि उदबत्ती चालत नाही, उघड्या ज्वाळेला जहाजावर पूर्ण मनाई असते, म्हणून बॅटरीचे दिवे न्या. विजेची किटली आणि इस्त्री तपासणीत काढून घेतात, पण गरम पाणी बुफेत केव्हाही मिळतं, तेव्हा चहाच्या प्रीमिक्सच्या पुड्या पुरतात. घरच्या चकल्या-लाडवांना पुष्कळ कंपन्या नाही म्हणतात, दुकानातली सीलबंद पाकिटं जातात. आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या रातोरात खाली जातात आणि थेट बंदरावर मिळतात. त्या ठेवण्याआधी पासपोर्ट, औषधं आणि सकाळी घालायचे कपडे बाहेर काढले आहेत ना, हे घरातल्या एकानं मोजून बघावं. दर मोसमात एखादे काका नाइट ड्रेसमध्ये इमिग्रेशनच्या रांगेत उभे असतात.