मानी साखर

माँट्रियालच्या विमानतळावर ती भेटते तेव्हा तिची अवस्था जरा केविलवाणी असते. मेपलच्या पानाच्या आकारात ओतलेली, फिकट बदामी रंगाची, खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून बाहेर बघणारी. शेजारी फ्रिजला चिकटवायची चुंबकं आणि मूसची लोकरी बाहुली. घाईतला प्रवासी ‘तिकडचं काहीतरी’ म्हणून एक खोका उचलतो आणि घरी आल्यावर ‘फारच गोड आहे हो’ म्हणत तो पाहुण्यांपुढे सरकवतो. तिची ओळख अशी व्हायला नको होती. ही मेपलची साखर. पॅनकेकवर ओततात ते सिरप, ज्याचं नाव आज जगाच्या तोंडी आहे, ते तिचं धाकटं भावंड. कर्तेपण तिच्याकडे होतं.

तिचा जन्म थंडीच्या हेलकाव्यातला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत क्यूबेक, ऑन्टॅरिओ, व्हर्मॉन्ट या पट्ट्यात रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसा पुन्हा वर येतो. रात्री गोठताना शुगर मेपलच्या खोडात ओढ तयार होते, मुळांकडून पाणी वर खेचलं जातं. दिवसा आतला बर्फ वितळला की दाब वाढतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकू लागतो. दिसायला निव्वळ पाणी, चवीलाही जवळपास तेच, कारण साखर असते जेमतेम 2 टक्के. असा 40 लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती लागतं, आणि ते सिरप आणखी आटवलं की किलोला थोडी कमी साखर. एका भोकातून अख्ख्या हंगामात साधारण तेवढाच रस मिळतो. म्हणजे एका भोकाचा पूर्ण हंगाम आणि हाती किलोभरही नाही. भोक पाडण्याजोगं खोड व्हायला झाडाला बहुधा चाळीसेक वर्षं लागतात, ते वेगळंच.

हा रस जिथं आटवतात त्या शुगरहाउसात कोल्हापूरकडचा माणूस शिरला तर त्याला गुऱ्हाळात आल्यासारखं वाटेल. तीच छपराला भिडलेली वाफ, तोच मळी काढणारा हात, आणि पाक ओळखणारा तोच एखादा म्हातारा, ज्याच्या शब्दाशिवाय कुणी पाक उतरवत नाही. फक्त बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि जाळाला चिपाडाऐवजी ओंडके.

युरोपीय लोक त्या जंगलात शिरण्याआधीपासून तिथले मूळ रहिवासी मेपलचा रस आटवत होते. त्यांना सिरप ठाऊक होतं, पण ती मधली अवस्था. तिथं थांबायला काही कारणच नव्हतं. सिरप सांडतं, त्याला बुरशी येते, त्याला घट्ट झाकणाचं भांडं लागतं. साखर मात्र बर्चच्या सालीच्या डब्यात वर्षभर राहते आणि पाठीवर बांधून मुक्काम हलवता येतो. ओजिब्वे लोकांमध्ये साखरेच्या या हंगामाचा कारभार बायकांच्या हाती असे. लाकडी कुंडात वल्ह्याने घोटून मोकळी रवाळ साखर करायची, ती मासळीत, फळांत, धान्यात मुरवायची. काही पाक कोरीव साच्यांत ओतायचा. पोरांसाठी बर्चच्या सालीचे छोटे शंकू, नाहीतर चक्क बदकाच्या चोचीत ओतलेली साखर. विमानतळावरच्या त्या पानाची पूर्वज ही चोच आहे. खरं सांगायचं तर मला पानापेक्षा चोच अधिक आवडते.

पुढे राजकारणानंही तिला ओढून पाहिलं. 1791 मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी थॉमस जेफरसनना एक लांबलचक पत्र लिहिलं. कॅरिबियन बेटांवरची उसाची साखर गुलामांच्या श्रमांतून येते. अमेरिकेनं मेपलची साखर केली तर ती साखरही सुटेल आणि ते पापही, असा एकंदर सूर. जेफरसनना कल्पना पटली. त्यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिचेलोच्या मळ्यात मेपलची रोपं लावली. त्या मळ्यात राबत होते ते गुलामच. रोपं बहुतेक मेली. झाडांना मतं नसतात हे मला कळतं, पण या एका बाबतीत त्यांची बाजू घ्यायचा मोह आवरत नाही.

तिला हरवलं ते उसानंच, आणि ते पैशाच्या बळावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाची साखर इतकी स्वस्त झाली की रोजच्या चहाकॉफीसाठी मेपलची साखर किसत बसायला कुणी तयार होईना. त्याच सुमारास पत्र्याचे हवाबंद डबे सर्रास मिळू लागले, सिरप टिकू लागलं आणि धाकट्याचं नशीब उघडलं. तिच्याकडे उरला तो मिठाईचा मान. न्यूयॉर्क सोडून 1932 मध्ये व्हर्मॉन्टच्या डोंगरात राहायला आलेल्या हेलन आणि स्कॉट निअरिंग यांनी मेपलचं सिरप आणि साखर विकून आपला साधा संसार चालवला आणि 1950 मध्ये या साखरेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पण बाजाराचं मन सिरपकडेच राहिलं. आज जगातल्या सिरपपैकी सुमारे 70 टक्के एकट्या क्यूबेकचं. भाव सांभाळायला तिथं त्याचा राखीव साठा ठेवतात, आणि त्यातलं जवळपास 3000 टन सिरप चोरीला गेल्याचं 2012 मध्ये उघडकीला आलं. चोरांनीसुद्धा पिंपं नेली ती सिरपचीच.

घरच्या शेगडीवर मात्र तिचा दरारा अजून शाबूत आहे. बाटलीतलं सिरप पातेल्यात ओतलं की पहिल्या दहा मिनिटांत ती उतू जाऊन दाखवते. म्हणून पातेलं सिरपच्या तिप्पट-चौपट उंच हवं. फेस वर चढू लागला की बोटाच्या टोकाएवढं लोणी टाकायचं. फेस मुकाट खाली बसतो. जुन्या शुगरहाउसांत याच कामासाठी कढईवर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीनं टांगत. फेस तिथवर चढला की चरबी वितळायची आणि फेस आपोआप उतरायचा. अशी बिनबोभाट व्यवस्था ज्यानं पहिल्यांदा लावली त्याला मानलं पाहिजे.

मग येतो अंशांचा हिशेब, आणि इथं ती तडजोड करत नाही. त्या दिवशी, त्या जागी पाणी ज्या अंशाला उकळतं तिथून मोजायचं. त्याहून 4 अंश वर सिरप. 12-13 अंश वर गेलं की पोळीला फासण्याजोगी मऊ मेपल क्रीम. 18 अंशांवर साच्यात ओतायची मिठाई. आणखी चार-सहा अंश वर घट्ट ढेप, आणि त्याच्याही वर, कोरडी होईतो घोटत राहिलं तर मोकळी साखर. समुद्रकाठी मिठाईचा आकडा 118 येतो. कुणी परदेशातल्या मुलाकडून आलेला सिरपचा डबा महाबळेश्वरच्या बंगल्यात उघडला, तर तिथं पाणीच 95-96 अंशांना उकळतं, म्हणजे 113-114 ला गॅस बंद करायला हवा. पुस्तकातले 118 गाठत बसलं तर मिठाई फोडायला बत्ता लागेल. व्हर्मॉन्टचे जुने लोक तर हवेचा दाब बदलतो म्हणून हंगामात रोज सकाळी आधी पाणी उकळून बघतात.

गॅस बंद झाला की तिचा खरा स्वभाव कळतो. आता तिला हात लावायचा नाही. डाव फिरवायचा नाही, कडा खरवडायच्या नाहीत, पातेलं उगाच हलवायचंही नाही. पाकात मावते त्याहून जास्त साखर आता त्यात आहे आणि ती बाहेर पडायला निमित्त शोधते आहे. कडेला वाळलेला एक कण आत पडला तरी तेवढं निमित्त पुरतं. पाक कढत असताना हे झालं तर थोडेच कण जमतात, ते सावकाश मोठे होतात आणि मिठाई जिभेला वाळूसारखी लागते. पाक ऐंशी अंशांच्या आसपास उतरेपर्यंत थांबून मग घोटलं, तर एकाच वेळी असंख्य बारीक कण जन्मतात. जो रवाळपणा दातांना कळत नाही, फक्त जिभेवर विरघळताना जाणवतो, तो यातून येतो. सगळी कला या थांबण्यात आहे, आणि स्वयंपाकघरात थांबणं हेच सर्वांत अवघड. मुलं मध्येच येऊन बोट घालतात, शेजारणी झाकण काढून बघतात.

घोटायला लागलं की काही मिनिटं काहीच घडत नाही. लाकडी डाव फिरत राहतो, पाक पारदर्शक पिंगटच राहतो, हात भरून येतो. मग रंग गढूळतो, फिकटतो, डाव जड होतो. आता साच्यात ओतायला अवधी काही सेकंदांचा. थोडं आधी ओतलं तर साच्यात ती दिवसभर चिकट राहते. थोडं उशिरा, तर पातेल्यातच दगड. या वेळी फोन वाजला तर वाजू द्यावा.

वाटेल ते सिरप तिला चालत नाही, हे तिचं आणखी एक. हंगामाच्या सुरुवातीचं फिकट सोनेरी सिरप तिला पसंत. उन्हं वाढतात तसे रसात सूक्ष्मजीव वाढतात, ते साखरेची फोड करून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात आणि अशा पाकाचे कण नीट जुळत नाहीत. आपल्याकडे पाक साखरू नये म्हणून लिंबाचे चार थेंब पिळतात, तेही अशीच फोड घडवून आणतात. मेपलच्या हंगामाच्या शेवटी निसर्ग तेच लिंबू न विचारता पिळतो. हे शेवटचं काळपट, दणकट चवीचं सिरप बेकरीला उत्तम. मिठाईला ते घेतलं तर कितीही घोटा, ती बसत नाही. व्यवसाय म्हणून मिठाई करणारे म्हणूनच सिरपमधल्या या फोडलेल्या साखरेचं प्रमाण आधी तपासतात.

फज ही तिची भाची. वयानं लहान, शिकलेली, वसतिगृहात वाढलेली. अमेरिकेतल्या व्हॅसर या तेव्हा मुलींच्या असलेल्या कॉलेजातल्या एमेलिन हार्ट्रिज यांच्या एका पत्रानुसार 1886 मध्ये बाल्टिमोरमध्ये फज 40 सेंट पौंडानं विकला जात होता. त्याची कृती मिळवून त्यांनी 1888 मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड फज केला. तो चॉकलेटचा होता. मेपलच्या प्रदेशात फजनं मावशीचं नाव लावलं, आणि क्यूबेकमध्ये ‘स्यूक्र आ ला क्रेम’ म्हणून तिचं स्वतंत्र घरच आहे. दोन वाट्या सिरप, पाऊण वाटी दाट क्रीम, चमचाभर लोणी. गोळीबंद पाक होईतो, म्हणजे 113-114 अंशांपर्यंत, आटवायचं. क्रीममधला स्निग्धांश आणि दुधाची प्रथिनं साखरेच्या कणांच्या मध्ये येऊन बसतात, त्यामुळे भाचीचा स्वभाव मवाळ. पण घराण्याची रीत तिनं सोडलेली नाही. तिलाही हात न लावता निवू द्यावं लागतं, आणि मावशीपेक्षा जास्त वेळ: पातेल्याच्या बुडाला तळहात टेकवता येईल इतकं, साधारण 45 अंशांपर्यंत. मग दमेपर्यंत फेटायचं. वरची चकाकी मावळली की क्षणभरही न थांबता लोणी लावलेल्या ताटात थापायचं आणि वड्या पाडायच्या. अक्रोड घालणारे घालतात. मला त्यानं दोघींचीही चव बिघडते असं वाटतं.

पातेलं आटत असताना जो वास घरभर पसरतो, तो मराठी नाकाला परका वाटत नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या मेथीच्या लाडवांचा वास त्यात लपलेला असतो. मेथीदाण्यात आणि मेपल सिरपमध्ये सोटोलोन नावाचा एकच सुगंधी घटक आहे. नकली सिरपला मेपलचा वास देताना मेथीचा अर्क वापरतात तो याचमुळे. 2005 पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अधूनमधून मेपल सिरपचा दाट वास सुटायचा. लोक घाबरून पालिकेला फोन करायचे, कुणाला त्यात घातपात दिसायचा. 2009 मध्ये शोध लागला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती.

तयार मिठाई उघड्यावर ठेवली की सुकते आणि तिच्यावर पांढरे डाग उमटतात. पुष्कळांना ती बुरशी वाटते आणि ते ती फेकून देतात. दुकानातल्या वड्यांवर तसे डाग दिसत नाहीत, कारण त्या रात्रभर थंड पाकात बुडवून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर कणांचं पातळ कवच चढतं आणि आतला ओलावा आतच राहतो. घरी एवढं कोण करणार. घरी त्या चार दिवसांत संपतात, हेच त्यांचं कवच.

पण तिला खेळकर बघायचं असेल तर मार्चमध्ये व्हर्मॉन्टच्या एखाद्या गावजेवणाला जावं. तिथं तिला साखर होऊच देत नाहीत. 113 अंशांचा पाक थेट परातीतल्या ताज्या बर्फावर ओततात. इतक्या झटक्यात थंड झाल्यावर कण धरायला तिला सवड मिळत नाही आणि ती चिवट, लवचीक, पिंगट दोरीच होऊन बसते. क्यूबेकमध्ये ती काडीला गुंडाळून खातात, व्हर्मॉन्टमध्ये काट्यानं. ताटात सोबत एक साधा डोनट आणि काकडीचं आंबट लोणचं. लोणचं वाढायला ते विसरत नाहीत, कारण दोन-तीन घासांनंतर गोडानं जीभ थकते. लोणच्याचा एक चावा घेतला की पुन्हा बर्फावर हात जातो.