चाव्यांचे भांडे आणि वॉटरगेट

नोव्हेंबर १९७३. कनेक्टिकटमधील न्यू केनन हे सधन उपनगर. दूरचित्रवाणीवर वॉटरगेटने घेरलेले निक्सन. एका मेजवानीत पुरुष मोटारींच्या चाव्या भांड्यात टाकतात आणि जिच्या हाती ज्याची चावी लागेल, तिने त्याच्यासोबत जायचे. अँग ली यांच्या ‘द आइस स्टॉर्म’ (१९९७) या चित्रपटातील हा प्रसंग निव्वळ स्वैराचार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. लैंगिक क्रांती इथे पोहोचते ती कंटाळ्यावरचा उतारा म्हणून. मुक्त मात्र कुणीच होत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणापूर्वी प्रार्थना म्हणताना मूलनिवासींच्या कत्तलीची आठवण काढते ती धाकटी वेंडी. वडील, बेन हूड, तिला गप्प करतात. शेजारणीशी असलेले संबंध लपवणारे तेच! निक्सन यांनी पद सोडले ऑगस्ट १९७४ मध्ये. बेन त्याआधीच, वादळानंतरच्या सकाळी, कुटुंबासमोर मोटारीत रडू लागतो.