कोऱ्या ओळी

निवृत्त माणसाने घरात उपयोगाचे काम करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. बिघडले तर बोलणी बसतात आणि जमले तर दुसरे काम मागे लागते.

गेल्या वर्षी आमचे अण्णा गेले. रावेरला बाग केळीची, त्यामुळे घरात हिशेबाच्या वह्या होत्याच. 22 वर्षांच्या. महिना, घड, भाव, रक्कम. वर्षश्राद्धाला त्या छापून भावंडांना एकेक प्रत द्यावी, असे मला रात्री सुचले. घरातले सगळे झोपले होते, म्हणून कुणी अडवले नाही.

वर्डमध्ये 22 तक्ते टाइप केले. जन्म कारकुनीत गेलेला, त्याची भीती नव्हती. पण एक तक्ता जाडा, दुसरा रोडका. एकेक सरळ करता करता माझी मान वाकडी झाली. तेव्हा जळगावच्या भाच्याने मंत्र दिला, "मामा, मॅक्रो करा. एकदा करून दाखवायचं, मग वर्ड ते पाठ म्हणतं."

मॅक्रो म्हटल्यावर मी दचकलो. 1999 साली 'मेलिसा' नावाचा विषाणू वर्डच्या फायलीत मॅक्रो होऊनच शिरला होता आणि पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या 50 जणांना परस्पर पत्रे धाडत होता. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या यादीत पन्नास माणसं आहेत का?"

रेकॉर्डिंग सुरू केले. माऊसने मजकूर निवडू गेलो, तर निवडेच ना! रेकॉर्डिंग चालू असताना ते काम किबोर्डनेच करायचे असते. ही म्हणाली, "उंदरालासुद्धा कळलं, तुमच्या नादी लागू नये."

पण जमले! तक्ते कवायतीच्या पोरांसारखे रांगेत उभे राहिले. मग मला हाव सुटली. मधल्या कोऱ्या ओळीही काढून टाकू. भाच्याने फोनवरून चार ओळी लिहून घ्यायला लावल्या. "खालून वर पुसत जायचं. वरून गेलात तर एक पुसली की खालची तिच्या जागी सरकते आणि नजरेतून सुटते. आणि कोरी चौकट खरी कोरी नसते बरं का मामा. चौकट संपल्याची न दिसणारी दोन अक्षरं तिच्यात असतात, ती धरून मोजा."

मोजली. बटण दाबले. कोऱ्या ओळी गायब! फाईल जतन केली, बंद केली आणि विजयी मुद्रेने झोपलो.

सकाळी आईने चष्मा लावून प्रत पाहिली. "यातला जून कुठे आहे?"

"कोरा होता, आई."

"कोरा कसा? त्या जूनमध्ये वादळानं सगळी बाग आडवी झाली. अण्णा वही उघडून बसले आणि काही न लिहिता मिटली. आणि हा मे? तुझ्या ताईचं लग्न. बागेकडे बघायला सवड कुणाला होती?"

फाईल बंद केल्यामुळे 'अनडू'ची वाटही बंद झालेली. मूळ वह्या होत्या म्हणून वाचलो. पापणी लवेपर्यंत गेलेल्या ओळी हाताने परत घालायला चार दिवस लागले, कारण आई शेजारी बसून प्रत्येक कोऱ्या ओळीची हकिगत सांगत होती. वाचलेल्या आकड्यांपेक्षा तीच जास्त निघाली.

शेवटी भाच्याला विचारले, "कोरी ओळ ओळखून तशीच ठेवणारा एखादा मॅक्रो आहे का रे?"

"आहे ना, मामा. बटण दाबायचं नाही."