मशेरीची डबी

आमच्या भागात मशेरीला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. विडी ओढणारा, दारू पिणारा तो व्यसनी. मशेरी लावणारी बाई आपली दात घासतीय, एवढंच. आणि दात घासणं तर चांगली सवय! चांगल्या सवयीचं लुगडं नेसून वाईट सवय घरात शिरली ती अशी.

मशेरी घरीच व्हायची. बाजाराच्या दिवशी तंबाखूचा पुडा यायचा. चुलीवर जुना तवा नाहीतर खापर ठेवून ती काळी होईस्तोवर भाजायची. ठसका असा उठायचा की पोरंसोरं खोकत अंगणात पळायची. गार झाली की चुरगाळून डबीत भरायची. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण चुलीवरच्या तव्यावर बंदी कोण आणणार?

दिवसातनं तीन-चार वेळा डबी उघडायची. सकाळी उठल्यावर, दुपारी भाकरी खाल्ल्यावर, रात्री भांडी घासून झाल्यावर. "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई", "दाढ ठणकायची थांबती", "जरा हुशारी येती" ही कारणं. तशी ती खोटीही नव्हती. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतनं रक्तात उतरतं, घडीभर तरतरी येते. पण पुढच्या वेळेला डबी सापडली नाही की डोकं धरतं, चिडचिड होते. म्हणजे दुखणंही तीच देणार आणि औषधही तीच. दाढेची कळ थांबते, दाढ किडायची काही थांबत नाही.

आईला दिवसभरात बसलेली मी दोनच वेळा बघायचो. जेवताना आणि मशेरी लावताना. जेवताना मधेच उठून कुणाला तरी वाढायला लागायचं. मशेरी लावताना मात्र तिला कुणी हाक मारायचं नाही. तोंड भरलेल्या बाईला काम सांगून उपयोग काय? शेजारच्या दोघी-तिघी उंबऱ्याशी येऊन टेकायच्या. बोट दातावरनं फिरत राहायचं. थुंकून आल्यावर चार शब्द बोलायचे, माहेराचं, सुनेचं, पावसाचं. दिवसाचा तेवढाच अर्धा तास तिच्या हक्काचा होता. मला वाटतं, आमच्या बायका तंबाखूला जेवढ्या चिकटल्या, तेवढ्याच त्या अर्ध्या तासाला चिकटल्या.

आमच्या मंडळींनी ही सवय सासूकडनं उचलली आणि चाळीस वर्षं पाळली. तीन वर्षांमागं तिच्या गालात आतनं पांढरा चट्टा आला. ती बोलली नाही. कालवणातलं तिखट कमी झालं तेव्हा घराला कळलं. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "आजी, एक तुकडा काढून तपासायला पाठवू."

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. एका दुपारी तिनं मला माळ्याजवळ उभं केलं आणि कुठल्या गाडग्यात कसलं बी ठेवलंय ते दाखवलं. "आवं, नीट बघून ठेवा. न्हाईतर पेरणीला घोळ घालाल." मी मान हलवली. घशात आवाज नव्हता.

कॅन्सर निघाला नाही. पण डॉक्टरांनी बजावलं, असला चट्टा पुढं कॅन्सरकडं वळू शकतो. मशेरी सुटली तर बऱ्याचदा मागंही फिरतो. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं.

डबी उकिरड्यावर गेली. पहिले पंधरा दिवस फार वाईट. डोकं ठणकायचं, पोट फुगायचं, नातवावर खेकसायची. सून शहाणी. ती म्हणाली, "आत्या, मशेरी सोडा, पण बसायचं सोडू नका." दुपारची भांडी सुनेनं ओढून घेतली. त्याच आकाराच्या डबीत भाजलेला ओवा आणि बडीशेप भरून दिली. मी साठी उलटल्यावर चहा करायला शिकलो. दुपारचा चहा आता माझ्याकडं. ती उंबऱ्याशी बसते, शेजारणी येतात. त्यातल्या दोघी अजून मशेरी लावतात. त्यांच्या शेजारी बसून ओवा चघळायचा, हे मला उसाला रात्रीचं पाणी पाजण्यापेक्षा अवघड वाटतं.

चट्टा फिका पडलाय, पुरता गेलेला नाही. तुमच्या घरात कुणी मशेरी लावत असेल तर एकदा उजेडात तोंड बघा. पांढरा-लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, घास घेताना तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर गाठा. आणि सवय सोड म्हणून ओरडण्याआधी तिच्या वाट्याला बसायला वेळ किती येतो, तेही बघा.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी आपणहून म्हणाल्या, "भावजी, पुढच्या खेपेला मला बी न्या डॉक्टरकडं." नेणार आहे. जीपमध्ये अजून तिघींची जागा आहे.